सांभाळून घेणारा साहेब आणि सेवाभावी नेतृत्व

विद्यापीठातले शिक्षकेतर कर्मचारी एखाद्या साहेबाला ‘देवमाणूस’ म्हणतात, तेव्हा बहुतेकदा अर्थ एवढाच असतो: उशीर झाला तरी बोलत नाहीत, चूक झाली तर सांभाळून घेतात. यालाच हल्ली सेवाभावी नेतृत्व म्हटलं जातं. मला ते पटत नाही.

ही कल्पना १९७० मध्ये रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकी माणसाने मांडली. त्याची बरीच हयात एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत गेली होती. त्याची कसोटी अशी: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, जास्त शहाणी, जास्त स्वतंत्र झाली का? नुसती खूश झाली का, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

परीक्षा विभागात मी दोन्ही अनुभवलं. पहिले साहेब फार प्रेमळ. मंजुरीसाठी फाइलवर लिहायच्या माझ्या टिपणीत चुका दिसल्या की म्हणायचे, “राहू दे, मी करतो,” आणि रात्री आठपर्यंत बसून स्वतः लिहायचे. तीन वर्षांनीही राखीव, म्हणजे अडवून ठेवलेला, निकाल मोकळा करायची टिपणी मला धड जमत नव्हती. ते रजेवर गेले की फाइल तशीच पडून, आणि खिडकीपाशी गावाहून आलेली पोरं ताटकळत उभी.

नंतर आलेल्या मॅडम कडक वाटायच्या. महाराष्ट्रातल्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल शक्यतो ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावायचा असतो. एका कॉलेजचे अंतर्गत गुण येईनात आणि माझ्या फोनला तिथे कोणी दाद देईना. मॅडमनी थेट प्राचार्यांना फोन लावला, कारण ते काम त्यांच्याच पदाला होणार होतं. टिपणी मात्र मलाच लिहायला लावली. पेन्सिलीने खुणा करून दोनदा परत पाठवली: “नियम कोणता? तारीख कुठाय?” तेव्हा रडू यायचं बाकी होतं. तिसऱ्यांदा त्यांनी सही केली.

त्याच मॅडमनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे डोक्यावरून वाहणाऱ्या शिपाईकाकांसाठी ट्रॉली मागवली, मंजुरीसाठी स्वतः चार हेलपाटे घातले.

रिकाम्या पदांचा प्रश्न यातून सुटत नाही. तिघांचं टेबल एकट्याने ओढायचं, तर कुठलाही साहेब अपुराच पडतो. पण पुढच्या सत्रात मॅडम रजेवर असताना राखीव निकालांची टिपणी मी वर पाठवली, आणि उपकुलसचिवांकडून ती एकही शेरा न पडता मंजूर होऊन आली.