ढोरांच्या दवाखान्यातला ताप

डिसेंबर 2024 च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या पाठोपाठ मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारीत उत्तर आलं: बर्ड फ्लू, एच5एन1. त्याआधी मार्च 2024 मध्ये शहरातल्या सरकारी कोंबडी उबवणी केंद्रातही हाच आजार निघाला होता आणि हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या. बातम्यांत वाघ होते, कोंबड्या होत्या. पण पिंजऱ्यात मांस टाकणारा, फरशी धुणारा, कोंबड्या धरून पोत्यात भरणारा माणूसही तिथं होताच. त्याला काय होऊ शकतं, हा प्रश्न अशा एखाद्या बातमीपुरता निघतो आणि विरतो. प्रश्न मात्र जुना आहे.

इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड गावात एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेली लोकर निवडणारे कामगार चार-दोन दिवसांच्या तापात दगावत. ती काळपुळी (अँथ्रॅक्स) होती, आपल्याकडे ढोरांना होते ती फाशी. जर्मनीच्या रॉबर्ट कोख यांनी 1876 मध्ये तिच्या जंतूचा पूर्ण माग काढला. भारतात 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला, तेव्हा लोकर, केस, कातडी हाताळणाऱ्याला काळपुळी झाली तर तो कामावरचा अपघातच समजावा, असं त्यात लिहिलं गेलं. पुढे याच कायद्याच्या यादीत पशुवैद्यकाचं काम आणि जनावरं किंवा त्यांची मढी हाताळण्याचं कामही आलं. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारला एवढं कळलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

फक्त 2025 पर्यंत चाललेला हा कायदा विचारायचा की मालक कोण. हिंगण्याकडच्या एखाद्या गवळ्याच्या गोठ्यात मालक तोच, गडी तोच, आणि धारा काढणारी त्याची बायको. भरपाई कोणी कोणाला द्यायची?

याच गोठ्यातला खरा आजार काळपुळी नाही, ब्रुसेलोसिस आहे. त्याचा शोध लागला समुद्रापार. माल्टा बेटावर ब्रिटिश शिपायांना महिनोन्‌महिने चढउताराचा ताप येई. मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये जंतू वेगळा केला, पण तो येतो कुठून ते कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामित यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. शिपायांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप ओसरला. दरम्यान 1897 मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी गाभ टाकणाऱ्या गाईंत एक जंतू शोधला होता. हे दोन्ही जंतू सख्खे भाऊ आहेत असं 1918 मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅलिस एव्हन्स म्हणाल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी ते उडवून लावलं. पुढे त्यांना स्वतःलाच प्रयोगशाळेत हा आजार जडला.

आता गोठ्यात या. गाय सातव्या महिन्यात गाभ टाकते आणि जार अडकतो. ढोरांच्या दवाखान्यातून डॉक्टर येतो, नाहीतर गावातलाच जाणता माणूस. लांब प्लास्टिकचा मोजा असला तर घालायचा, नसला तर साबण लावून हात खांद्यापर्यंत आत. जार सुटून येताना पाणी अंगावर, तोंडावर उडतं. जंतू सगळ्यात दाट असतात ते याच पाण्यात आणि जारात. मग बादलीत हात धुवायचे आणि चहा. दोन-तीन आठवड्यांनी संध्याकाळचा ताप येऊ लागतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर धरते. मलेरिया पाहतात, टायफॉइड पाहतात, गोळ्या बदलतात. तुम्ही काम काय करता, एवढंच विचारायचं राहून जातं. निदान झालं तर डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सहा आठवडे. लवकर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की ताप परत.

रेबीजचं नाव निघालं की आपल्याला कुत्रा आठवतो. पशुवैद्यकाला भीती लाळ गाळणाऱ्या म्हशीची. गवळी सांगतो, 'डॉक्टरसाहेब, घशात काही अडकलं वाटते.' म्हणून हात तोंडात जातो. जुन्या लोकांना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीला केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात 2004-05 च्या सुमारास बंद झाली. आजची लस दंडात टोचतात आणि चावा बसण्याआधीच घेऊन ठेवता येते. कुत्री पकडणाऱ्या कंत्राटी पोरांनाही ती हवी.

गोचिडांचंही तसंच. पोळ्याच्या आधी बैल धुताना गोचीड काढून नखानं चिरडायची सवय घरोघर आहे. काँगो ताप गोचिडांतून आणि बाधित जनावराच्या रक्तातून पसरतो. 2011 मध्ये गुजरातेत तो भारतात पहिल्यांदा ओळखला गेला, तेव्हा रोग्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेले.

नागपुरात या विषयाची माणसं नाहीत असं नाही. सेमिनरी हिल्सजवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 चं, आणि पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथलंच. माणूस आणि जनावर यांचं आरोग्य एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 ला इथंच झाली.

सप्टेंबर 2019 पासून ब्रुसेलोसिसच्या लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच. ही लस जिवंत जंतूंची. जनावराला ती तारते, पण टोचणाऱ्याच्या अंगात गेली तर त्याला तोच आजार देऊ शकते. पारडी हिसका देते, सुई अंगठ्यात रुतते. टोचणारा अंगठा दाबून रक्त काढतो, नळाखाली धरतो आणि पुढची पारडी आणायला सांगतो. वहीत पारडीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहिला जातो. अंगठ्यासाठी त्या वहीत रकाना नसतो.