‘अकार्बोजपेक्षा सरस’ अर्काची गोष्ट

जांभळाच्या बिया, कारलं, गुडमार, सप्तरंगी या औषधी वनस्पती. यातल्या कशाचा तरी अर्क ‘अकार्बोजपेक्षा सरस’ ठरल्याची बातमी अधूनमधून येतेच. अकार्बोज ही मधुमेहाची जुनी गोळी. पिष्टाचं ग्लुकोज करणाऱ्या आतड्यातल्या एन्झाइमना ती अडवते, त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही.

मग अर्काने तिला हरवलं कसं? बिया वाळवून भुकटी करतात, ती अल्कोहोलात भिजवून गाळतात आणि अल्कोहोल उडवून टाकतात. खाली राहतो तो गडद, चिकट अर्क. परीक्षानळीत अल्फा-ग्लुकोसिडेज हे त्याच जातीचं एन्झाइम एका रंगहीन रसायनाचे तुकडे करतं आणि द्रावण पिवळं होतं. अर्क घातल्यावर पिवळेपणा जितका कमी, तितका अर्क जोरदार.

खरी मेख इथेच आहे. स्वस्त मिळतं म्हणून हे एन्झाइम बहुधा यीस्टचं वापरतात, आणि अकार्बोजचा यीस्टच्या एन्झाइमवर फारसा जोर चालत नाही. प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधून शर्यत जिंकण्यातलाच हा प्रकार! त्यात जांभळाच्या बिया तुरट, म्हणजे टॅनिन भरपूर. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, आणि एन्झाइमही प्रथिनच. या कसोटीवर साधा चहाही पास होतो.

पुढची पायरी उंदरांची. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. असा उंदीर टाइप १ च्या रुग्णाच्या जवळचा. आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण टाइप २ चे, म्हणजे इन्सुलिन बनतं पण नीट लागू पडत नाही असे. शिवाय मात्रा बघा. उंदराला (रॅटला) किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला सुमारे ४ ग्रॅम लागतो. भुकटीतून दहा टक्के अर्क सुटतो असं धरलं, तर रोज ४० ग्रॅम भुकटी. घेणार कोण?

सप्तरंगीच्या कुळातल्या एका वेलीचं काम मात्र नीट झालं. जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये तिच्यातून सॅलेसिनॉल हा रेणू वेगळा काढला, त्याची रचना उलगडली आणि तो उंदराच्या आतड्यातल्या एन्झाइमवर तपासला. अर्कात काम कोण करतं हे त्यामुळे कळलं. माणसांवरच्या मोठ्या, दीर्घ चाचण्या हा त्यापुढचा खर्चिक टप्पा, आणि बहुतेक वनस्पतींची गाडी तिथपर्यंत पोहोचतच नाही. तोवर चालू गोळ्यांसोबत असा अर्क मनाने सुरू केला, तर साखर गरजेपेक्षा खाली जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांना आधी सांगितलेलं बरं.