जादा पाटे टाकले म्हणून पिकअप जादा भार पेलत नाही

तुर्भ्याच्या मार्केटपासून घोडबंदरपर्यंत एक समज पक्का बसलाय: मागच्या स्प्रिंगमध्ये दोन जादा पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या, टाकले की दीड टनाची पिकअप अडीच टन आरामात नेते. हे खरं नाही. पाट्यांमुळे हौदा खाली बसत नाही, एवढंच. ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. उलट गाडी दबलेली दिसत नाही, त्यामुळे धोका लपतो.

घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट उतरताना हे कळतं. वजन वाढलं की थांबवायची ताकदही त्याच प्रमाणात जास्त लागते. ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. माल मागच्या चाकांच्याही मागे लोटला असेल तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं.

आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बघा. लेडन (भरलेल्या गाडीच्या) वजनातून अनलेडन (रिकाम्या गाडीचं) वजन वजा केलं की उरतो तो भार, चालकासकट. दीड टन म्हणजे सिमेंटच्या जेमतेम तीस गोण्या. अर्धा ब्रास वाळूच दोन टनांच्या पुढे जाते! मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पाट्यांची पावती तिथे चालत नाही.