लाबुलबेनिएलीझ : नव्या जातीचे वर्णन

लाबुलबेनिएलीझ हा धानीकवकांचा (पिशवीसारख्या धानीत बीजुके तयार करणाऱ्या कवकांचा) एक गण आहे. यातील सूक्ष्म कवके भुंगेरे, माश्या, झुरळे, माइट, वाणी इ. संधिपाद प्राण्यांच्या बाह्यकवचावर परजीवी म्हणून वाढतात. आतापर्यंत २,३०० हून अधिक जातींचे वर्णन झाले असून त्यांपैकी सुमारे ८० टक्के भुंगेऱ्यांवर, विशेषतः कॅरॅबिडी व स्टॅफिलिनिडी या कुलांतील भुंगेऱ्यांवर आढळतात. आश्रयी (ज्याच्यावर कवक वाढते तो) कीटक सहसा मरत नाही.

इतर बहुतेक कवकांना असते तसे कवकजाल (तंतूंचे जाळे) यांना नसते. दोन कोशिकांचे (पेशींचे) चिकट बीजुक कीटकाला चिकटते, त्याचे टोक काळे पडून पाद बनतो आणि मोजक्या, ठराविक क्रमाच्या विभाजनांतून संपूर्ण कायक (कवकाचे शरीर) तयार होतो : खाली आधार, बाजूला उपांगे व बीजुके धारण करणारे कुपीसारखे धानीफल. बहुतेक जातींत कायकाची लांबी मिलिमीटरच्या एकदशांश ते तीनदशांश भरते. अलैंगिक बीजुके आढळत नाहीत. प्रसार मुख्यतः कीटकांच्या परस्परस्पर्शाने, बहुधा समागमाच्या वेळी, होतो.

फ्रान्समध्ये रूजे यांनी ब्रॅकिनस या भुंगेऱ्यावरील अशा वाढीची माहिती १८५० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी ती त्यापूर्वी काही वर्षे पाहिली असावी. माँतान्य व रोबँ यांनी १८५३ मध्ये लाबुलबेनिया ही प्रजाती स्थापिली आणि तिला कीटकवैज्ञानिक लाबुलबेन यांचे नाव दिले. त्या काळात काहींना ही वाढ म्हणजे कीटकाचे विकृत केस वाटले. वटवाघळांवरील माश्यांवर आढळलेल्या एका प्रजातीचे वर्णन तर कृमी म्हणून झाले होते. या गणाच्या अभ्यासाचा पाया हार्व्हर्डच्या रोलंड थॅक्स्टर यांनी १८९६ ते १९३१ या काळात पाच भागांत प्रसिद्ध केलेल्या प्रबंधाने घातला. स्त्री-जननांगावरील केसासारखा ग्राहक तंतू व अचल रेतुके (नर-कोशिका) तांबड्या शैवलांतही असल्याने यांचा उगम त्यांच्याशी जोडला जात असे. यांच्याशी नाते असलेल्या पिक्सिडिओफोरा या कवकाचे जीवनचक्र उलगडल्यावर (१९८९) आणि पुढे डीएनएच्या आधारे ही कवके धानीकवकांतच बसतात, हे मत स्थिर झाले. आज तेच ग्राह्य धरावे.

नव्या जातीचे वर्णन कायकाच्या रचनेवरून करतात. मद्यार्कात ठेवलेला किंवा संग्रहालयात टाचणीला लावलेला भुंगेरा स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली अंगभर तपासतात. कायक अतिसूक्ष्म सुईने पादासह उचलून ग्लिसरीनयुक्त माध्यमात काचपट्टीवर बसवितात. पाद तुटला, तर नमुन्याचे मोल बरेच घटते. कोशिका ठराविक असल्याने प्रत्येकीला संकेत दिलेला असतो : आधारातील पहिल्या तीन I, II, III, धानीफलाच्या देठातील VI, VII याप्रमाणे. लांबी, रंग, उपांगांची शाखीकरण-पद्धत व बीजुकांचे माप यांसोबत आश्रयी जाती, स्थळ आणि कीटकाच्या अंगावरील नेमकी जागा नोंदवितात. एक कायमस्वरूपी काचपट्टी प्ररूप नमुना (त्या नावाचा आधारभूत नमुना) ठरते. १९३५ पासून लॅटिन वर्णन सक्तीचे होते. २०१२ पासून ते लॅटिन किंवा इंग्रजीत चालते, आणि २०१३ पासून मान्य नोंदणीकोशातील क्रमांकाशिवाय नवे नाव वैध ठरत नाही.

खरा वाद अंगावरील जागेचा आहे. एकाच भुंगेऱ्याच्या पायावर, पंखकवचाच्या कडेला आणि पोटाखाली वेगवेगळ्या आकारांचे कायक दिसतात. थॅक्स्टर यांनी अशा अनेक रूपांना स्वतंत्र जाती मानले. बेंजामिन व शॅनर यांनी १९५२ मध्ये बेंबिडिऑन पिसिपेस या भुंगेऱ्यावरील लाबुलबेनियाच्या काही जाती विशिष्ट जागीच, शिवाय नर किंवा मादी यांपैकी एकावरच वाढतात असे दाखविले. त्यामुळे या विभागणीला बळ मिळाले. मात्र समागमात नराचा जो भाग मादीच्या ज्या भागाला टेकतो, तेथे एकाच कवकाची बीजुके रुजून निराळी रूपे धारण करीत असतील, ही शंका कायम राहिली. गोल्डमन व विअर यांनी २०१२ मध्ये लॅकोफिलस या पाणभुंगेऱ्यावरील कायटोनोमायसीस या याच गणातील कवकाचे डीएनए तपासले. निरनिराळ्या नावांची काही रूपे एकाच जातीची निघाली. केवळ जागा व आकार पाहून नवे नाव देणे यापुढे टाळावे, हेच मत अधिक सबळ दिसते.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. हेस्पेरोमायसीस व्हायरेसेन्स (थॅक्स्टर, १८९१) हे चित्रभुंगेऱ्यांवरील (लेडीबर्डवरील) कवक दीर्घकाळ एकच जाती समजले जात होते. आश्रयीगणिक त्याचे डीएनए वेगळे आढळल्याने हार्मोनिया ॲक्सिरिडिस या चित्रभुंगेऱ्यावरील कवकाला २०२२ मध्ये हेस्पेरोमायसीस हार्मोनी हे नाव मिळाले. तथापि काळ्या, चिवट भित्तीमुळे व नगण्य वस्तुमानामुळे डीएनए मिळविणे अवघड जाते आणि थॅक्स्टर यांच्या जुन्या काचपट्ट्या त्याला क्वचितच उपयोगी पडतात. म्हणून बहुसंख्य जाती अजून केवळ रचनेवर उभ्या आहेत.

ही कवके कृत्रिम माध्यमावर पूर्ण वाढत नाहीत. त्यामुळे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील जिवंत कवकांच्या राष्ट्रीय संग्रहासारख्या ठिकाणी ती जोपासता येत नाहीत. काचपट्टी व आश्रयी कीटक जपून ठेवावे लागतात. भारतातील लाबुलबेनियाच्या जातींवर कौर व मुखर्जी यांनी १९९० च्या दशकात लेखन केले आहे.