लेगला तळाचा लाल रंग लावू नका
(आउटड्राइव्ह आणि आउटबोर्ड वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी. लेग म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात उतरणारा, पंखा बसवलेला भाग. आउटड्राइव्हचं इंजिन बोटीच्या आत असतं, आउटबोर्डचं लेगच्याच वर.)

मे संपत आला की बोटी वर ओढल्या जातात आणि आमच्याकडे ठरलेले फोन सुरू होतात. "लेगचा रंग पोपडे धरून निघतोय. गेल्याच वर्षी तर मारला होता!" आमचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: कुठला मारला होता? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. तळाला लावून डबा उरला होता, तोच.

हे पत्रक त्या उरलेल्या डब्याबद्दल आहे.

तळाचा लाल-तपकिरी अँटीफाउलिंग रंग वाईट नाही. आम्ही स्वतः तो विकतो, फायबरच्या तळाला बिनधास्त लावा. पण त्यात शेवाळ आणि कालवं मारणारं जे औषध असतं ते क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांबं. आउटड्राइव्हची लेग असते ॲल्युमिनियमच्या ओतकामाची. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की त्यांची बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. तांब्याला काही होत नाही.

"पण खाली प्रायमर होता," असं बरेच जण सांगतात. प्रायमर अखंड असेपर्यंत ठीक. आपल्या खाडीत तो किती दिवस अखंड राहणार? सुकतीला लेग चिखलात टेकते, दोर घासतो, पंख्यात जाळ्याचे तुकडे आणि पिशव्या अडकतात, त्या काढताना कोणीतरी सुरी चालवतो. एक ओरखडा पुरतो. शिवाय या रंगातून तांबं पाण्यात थोडं थोडं सुटत राहतं, त्याचं कामच ते आहे. सुटलेलं तांबं उघड्या ॲल्युमिनियमवर बारीक ठिपक्यांनी बसतं आणि प्रत्येक ठिपक्याभोवती खड्डा पडायला लागतो.

गेल्या मोसमात आलेली एक लेग बघा. वरून नखाएवढे दोन-चार फुगे, बाकी रंग तुकतुकीत. मालकांचं म्हणणं, तेवढ्यावर जरा हात मारून द्या. स्क्रेपरचं टोक लावलं तर तळहाताएवढा पोपडा सुटून आला, आणि खाली ओल्या चुन्यासारखी पांढरी पेस्ट. ती नायलॉनच्या ब्रशने धुतली, तेव्हा पंख्यावरच्या आडव्या प्लेटच्या कडेला टाचणी आरपार गेली. तिथे रंगाचा विषय संपतो आणि वेल्डिंगचा सुरू होतो.

म्हणून आम्ही "वरवर टच-अप" करत नाही. यावरून काहीजण नाराज होतात, बाहेर निम्म्या पैशात करून मिळतं म्हणतात. मिळतं, खरं आहे. आमच्या बिलात रंगापेक्षा रंग काढण्याची मजुरी जास्त दिसते, कारण लाल रंग कोपऱ्याकोपऱ्यातून आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळातून निघेपर्यंत पुढचा कोट मारण्यात अर्थ नसतो. तो डबा तुम्ही लेगला लावला नसता, तर हीच लेग आमच्याकडून निम्म्या वेळात परत गेली असती.

त्याच ब्रशने होणारी दुसरी गोष्ट म्हणजे झिंकवर रंग. झिंक, म्हणजे लेगला बसवलेला धातूचा तुकडा किंवा ॲनोड, स्वतः झिजून लेग वाचवतं, आणि त्यासाठी त्याला पाणी लागावं लागतं. रंगवलेलं झिंक नुसतं वजन आहे. काही ग्राहक अभिमानाने दाखवतात, "दोन वर्षं झाली, अजून नव्यासारखं आहे." खाऱ्या पाण्यात दोन वर्षं काढून झिंक नवं दिसत असेल तर काळजी करा: एकतर त्यावर रंग आहे, किंवा बसवताना खालची जागा धातूपर्यंत घासलेली नाही, किंवा जोडणीची वायर तुटली आहे. अर्धं झिजलं की बदलायचं, पूर्ण संपायची वाट बघायची नाही.

आणि झिंक म्हणजे जस्तच हवं असंही नाही. ऐरोली, वाशी, बेलापूर या भागात पावसाळ्यात खाडीचं पाणी बरंच गोडं होतं. अशा मचूळ पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते मंदावतं. खाडीत उभ्या राहणाऱ्या बोटींना आम्ही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ॲनोड सुचवतो, ते खाऱ्या आणि मचूळ दोन्ही पाण्यात चालतात. मॅग्नेशियमचे फक्त गोड्या पाण्यासाठी, म्हणजे धरणातल्या बोटींसाठी. ते समुद्रात लावले तर जोर इतका जास्त होतो की लेगचा रंगच फुगून निघतो. ॲनोड आमच्याकडे असतात. बाहेरून आणलेत तरी बसवून देऊ, फक्त कुठल्या धातूचे ते विचारून आणा.

घरी स्वतः रंगवणार असाल तर जरूर रंगवा, अवघड काही नाही, घाई तेवढी नको. पंखा आणि ॲनोड काढा. लेग गोड्या पाण्याने भरपूर धुवा, मग तेल-ग्रीस काढा, आणि नंतरच घासा. उलटं केलंत तर तेल आणि मीठ पॉलिश पेपरने धातूत चोळलं जातं, आणि रंगाखाली राहिलेलं मीठ पाणी ओढून फुगे आणतं. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच खड्डे सुरू होतात. जुना पिवळा प्रायमर असेल तर तो क्रोमेटचा असू शकतो, त्याची धूळ विषारी असते. ओला करून घासा, मास्क लावा.

घासलेल्या ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर धरायला लागतो. सकाळी घासलं आणि प्रायमर दुसऱ्या दिवशी, असं चालत नाही. त्याच दिवशी, जमल्यास तासाभरात, दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. खड्डे इपॉक्सीनेच भरा. गाडीच्या गॅरेजमधली लांबी (पुट्टी) इथे नको, ती पाणी पिते. पुढचा कोट किती तासांच्या आत मारायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं पाळा. पाणी ओढणाऱ्या जाळ्या, रबरी बेलोज (घड्यांच्या नळ्या) आणि लेग वर-खाली करणाऱ्या ट्रिमच्या चकचकीत दांड्या टेप लावून झाका.

वर अँटीफाउलिंग हवंच का? बोट ट्रेलरवर घरी जात असेल तर नको, तो खर्च वाचवा. बारा महिने पाण्यात असेल तर क्युप्रस ऑक्साइड नसलेला, ॲल्युमिनियमसाठी चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला रंगच घ्या. तळाचा लाल रंगसुद्धा लेगच्या जोडणीपासून किमान ४० मिलिमीटर लांब थांबवा. तेवढी पट्टी कोरी दिसते, दिसू द्या.

पावसात आम्ही उघड्यावर रंग का देत नाही, हेही सांगून टाकतो. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असेल, किंवा धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त नसेल, तर धातूवर न दिसणारी ओल धरते. जुलैत नवी मुंबईत हे रोजचंच. आमचं रंगकाम बंद खोलीत, डीह्युमिडिफायर लावून होतं. वेळ आणि वीज त्यात जाते.

बोट पाण्यात गेल्यावर एक मोजमाप आम्ही मोफत करून देतो. बोट रात्रभर शांत उभी राहिली की मल्टिमीटरला जोडलेला सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड लेगशेजारी पाण्यात सोडायचा आणि मल्टिमीटरची दुसरी वायर लेगच्या उघड्या धातूला. समुद्रात आकडा ८५० ते ११०० मिलिव्होल्टच्या मध्ये हवा. कमी आला तर ॲनोड पुरत नाहीत किंवा कुठेतरी तांबं लागतंय. स्टीलचा पंखा लावला असेल तरी ॲनोडवर भार वाढतो. ॲनोड आठवड्यांतच संपत असतील तर बिल्ज पंपाची (बोटीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) वायरिंग तपासायला सांगतो. पाण्यात पडलेली एक उघडी वायर, आम्ही विकतो ते सगळे ॲनोड लावले तरी ऐकत नाही.

आणि नांगरल्यावर आउटड्राइव्हची लेग पूर्ण वर उचलून ठेवण्याची सवय सोडा. ॲनोड हवेत आणि जोडणीचा भाग पाण्यात, असं झालं की तो भाग बिनसंरक्षण. जिथे चिखलात टेकत नाही तिथे लेग खालीच राहू द्या.

लेग आणताना जुने ॲनोड फेकू नका, सोबत आणा. ते कसे झिजलेत त्यावरून आम्हाला बरंच कळतं. आधी कुठला रंग लावला होता त्या डब्याचा फोटो असेल तर उत्तम. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, त्या दोन महिन्यांत सगळ्यांच्याच लेग आमच्याकडे असतात, त्यामुळे नंबर मे महिन्यातच लावा. नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी लाल रंगाची लेग घेऊन आलात तर चहा मिळेल, लेग सणानंतर.