कर्ल आणि डब्ल्यूगेट: फाइल दोन्ही आणतात, पण वागतात वेगळं

टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, फाइल उतरवायची म्हटलं की कुणी कर्ल सुचवतं, कुणी डब्ल्यूगेट. काम दोन्हींनी होतं, म्हणून नवशिक्यांना दोन्ही एकच वाटतात. फरक जाणवतो तो कमांड स्क्रिप्टमध्ये घालून क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, सोडली की.

डब्ल्यूगेट हा ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातला प्रोग्राम. तो 1996 मध्ये क्रोएशियाच्या ह्रवोये निकशिच यांनी लिहिला, फाइल उतरवण्यासाठीच. पत्ता दिला की फाइल चालू फोल्डरमध्ये येऊन पडते. त्या नावाची फाइल आधीच असेल तर जुनीला हात न लावता नव्या फाइलच्या नावाला ‘.1’ जोडतो. मध्येच कनेक्शन तुटलं तर न सांगता 20 वेळांपर्यंत प्रयत्न करतो. हायफन आर हा पर्याय दिला तर लिंकमागून लिंक धरत, न सांगता पाच पातळ्यांपर्यंत, साइट उतरवतो. कर्लमध्ये ही सोयच नाही.

कर्ल 1998 चा, स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचा. याचा कल सर्व्हरशी बोलण्याकडे. जे उत्तर येईल ते तो थेट स्क्रीनवर ओततो, म्हणजे पाइप (एका कमांडचं उत्तर दुसरीला जोडणारं चिन्ह) लावून पुढच्या कमांडला देता येतं. फाइल हवी असेल तर हायफन कॅपिटल ओ द्यावं लागतं. हेडर (विनंतीसोबतची जादा माहिती) पाठवणं, पोस्ट या वेब-विनंतीने सर्व्हरला डेटा देणं, हायफन व्ही लावून सर्व्हरशी झालेली सगळी देवाणघेवाण बघणं, हे इतकं सहज जमतं की एपीआय (प्रोग्रामांनी सर्व्हरशी बोलायची सोय) तपासायला मी दुसरं काही वापरत नाही.

पण कर्ल सांगितलं तेवढंच करतो, आणि खरा धोका तिथे आहे. पत्ता बदलला असेल आणि सर्व्हरने रीडायरेक्ट, म्हणजे ‘नव्या पत्त्यावर जा’ असा निरोप, पाठवला, तर डब्ल्यूगेट आपणहून त्या नव्या पत्त्यावर जातो. कर्लला हायफन कॅपिटल एल द्यावं लागतं, नाहीतर हाती येतो रीडायरेक्टचा कोरा निरोप. त्याहून वाईट 404 चं, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ या त्रुटीचं. समजा, रात्रीची स्क्रिप्ट कर्लने झिप फाइल आणते आणि सर्व्हरवरून ती फाइल काढून टाकली आहे. कर्ल ‘पान सापडलं नाही’ हे एचटीएमएलच झिपच्या नावाने साठवतो, कालची चांगली फाइल त्याखाली पुसली जाते, आणि एक्झिट कोड (काम संपल्यावर प्रोग्राम परत देतो तो आकडा) येतो शून्य, म्हणजे सगळं ठीक! स्क्रिप्ट निर्धास्तपणे पुढे जाते. हायफन एफ दिलं असतं तर कोड 22 आला असता आणि स्क्रिप्टला थांबता आलं असतं. अशा वेळी डब्ल्यूगेट मुळातच 8 देतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये कर्ल असेल तर हायफन एफ आणि कॅपिटल एल हे दोन्ही हवेतच, असं माझं ठाम मत आहे.

मोठी फाइल, डळमळीत नेट किंवा साइटची प्रत असेल तर डब्ल्यूगेट घ्या. बाकी बहुतेक ठिकाणी कर्ल.

मॅकवर कर्ल आधीपासून असतो, डब्ल्यूगेट वेगळा टाकावा लागतो. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये उलट: तिथे बिझीबॉक्स या छोट्या कमांडींच्या संचातला छोटासा डब्ल्यूगेट मिळतो, कर्ल नाही. विंडोजवरच्या पॉवरशेल 5.1 मध्ये तर ‘कर्ल’ टाइप करा नाहीतर ‘डब्ल्यूगेट’, चालतो तो तिसराच: पॉवरशेलची स्वतःची कमांड, इन्व्होक-वेबरिक्वेस्ट. त्यामुळे वर सांगितलेले पर्याय तिथे चालत नाहीत. विंडोज 10 मध्ये 2018 पासून खरा कर्लही येतो, पण पॉवरशेलमध्ये तो हवा असेल तर ‘कर्ल डॉट ईएक्सई’ असं पूर्ण नाव टाइप करा.