रक्ताभिसरणातील मायक्रोआरएनए : स्वयंप्रतिरक्षा संयोजी ऊतक विकारांत

रक्तद्रवात (प्लाझ्मा) किंवा रक्त गोठल्यावर उरणाऱ्या रक्तरसात (सीरम) पेशीबाहेर आढळणारे, सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे आरएनएचे तुकडे. त्यांपासून प्रथिन बनत नाही. संदेशवाहक आरएनएला जोडले जाऊन ते प्रथिननिर्मिती रोखतात. पहिला मायक्रोआरएनए (लिन-४) १९९३ मध्ये सूत्रकृमीत सापडला. मायक्रोआरएनएच्या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी रक्तातील अस्तित्व २००८ च्या सुमारास, प्रामुख्याने कर्करोगाच्या अभ्यासातून, पुढे आले.

आरएनएचे विघटन करणारी विकरे रक्तात विपुल असताना हे तुकडे टिकतात कसे, याबाबत मतभेद आहेत. २००७ मध्ये ते एक्झोसोम या सूक्ष्म पुटिकांत आढळल्याने पुटिका हेच त्यांचे वाहन समजले जाई. २०११ मध्ये मात्र रक्तद्रवातील बराच मोठा हिस्सा पुटिकांबाहेर, आर्गोनॉट-२ या प्रथिनाशी बद्ध असल्याचे दिसले. काही उच्च घनतेच्या मेदप्रथिनांवरही असतात. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास यांतील पुष्कळसे तुकडे पेशींनी धाडलेले ‘संदेश’ नसून मृत पेशींतून सांडलेले असू शकतात.

सिस्टिमिक स्क्लेरोसिसमध्ये (त्वचा व अंतर्गत अवयव तंतुमय व कडक होणारा विकार) मिर-२९ए (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए) चा पुरावा सर्वांत भक्कम आहे. तो कोलॅजेन १ व ३ यांच्या निर्मितीला आवर घालतो. रुग्णांच्या त्वचेतील तंतुजनक पेशींत तो घटलेला असतो (२०१०) आणि टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकामुळे आणखी घटतो. रक्तरसातील घट मात्र इतकी स्पष्ट नाही. ल्युपसमध्ये (प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच अनेक अवयवांवर हल्ला करते असा विकार) इंटरफेरॉन या प्रतिरक्षा-प्रथिनांच्या मार्गाला लगाम घालणारा मिर-१४६ए पांढऱ्या पेशींत कमी आढळतो (२००९). संधिवाताभ संधिशोथाच्या (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) सांध्यांतील ऊतकात तोच वाढलेला असतो.

मोजमापातील दोष मूळ रोगाइतकेच निकाल बदलू शकतात. नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या, की त्यांतील मिर-४५१ए व मिर-१६ यांची पातळी चढते; गुलाबी छटा डोळ्यांना दिसण्याआधीही हे घडते. म्हणून पेशी फुटल्याने फारसा न बदलणाऱ्या मिर-२३ए शी मिर-४५१ए चे गुणोत्तर तपासतात. ल्युपसच्या ‘वाढलेल्या’ मायक्रोआरएनएंच्या यादीत हे दोन दिसले, तर आधी नळीवर संशय घ्यावा. रक्त गोठू न देणारे हेपॅरिनही पीसीआर या आरएनए मोजण्याच्या पद्धतीत अडथळा आणते.

रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराशी मिर-१२६ निगडित असून तो व्हीकॅम-१ हे आसंजक प्रथिन दाबतो. पण बिंबाणूंतही (प्लेटलेट्स) तो असतो व रक्त गोठताना बाहेर पडतो. त्यामुळे रक्तरसातील आकड्यांपेक्षा बिंबाणू नीट काढून टाकलेल्या रक्तद्रवातील आकडे विश्वसनीय ठरतात. वाहिनीशोथांतील (रक्तवाहिन्यांचा दाह) अभ्यास थोडे व लहान गटांवरचे आहेत. सिस्टिमिक स्क्लेरोसिस (२०१३) व ल्युपस (२०१९) यांच्या वर्गीकरण निकषांत एकाही मायक्रोआरएनएचा समावेश नाही.